स्तनभार कमी करण्याचे शस्त्रकर्म : रुग्णेस काय सांगावे?

मान, खांदे व पाठ यांच्या वेदनांसाठी येणाऱ्या स्त्रीरुग्णांचे प्रमाण आपणा सर्वांच्याच चिकित्सालयात मोठे आहे. मन्यास्तंभ, अवबाहुक, पृष्ठशूल असे निदान आपण केसपेपरवर लिहितो. गुग्गुळाचा एखादा कल्प, दशमूळ, स्थानिक स्नेहन-स्वेदन अशी योजना करतो आणि रुग्णेस उपशमही मिळतो. पंधरा दिवसांनी ती त्याच तक्रारी घेऊन परत येते. हेतू कायम असताना लक्षणांची चिकित्सा केली की असेच होणार, हे आपणास पहिल्या वर्षापासून शिकविलेले असते. तथापि काही हेतू असे असतात की, ते डोळ्यांसमोर असूनही संकोचापोटी आपण विचारीत नाही आणि रुग्णाही सांगत नाही.

सुमारे सहा वर्षे माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिकेच्या बाबतीत मी हीच चूक केली. एके दिवशी मानेस तेल लावताना पदर बाजूला झाला आणि दोन्ही खांद्यांवर करंगळी मावेल असे चर दिसले. अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांनी पडलेले ते चर होते व त्यावरील त्वचा काळवंडली होती. विचारले तेव्हा बाई रडू लागल्या. "मॅडम, वीस वर्षं मी वाकूनच चालतेय. फळ्यावर लिहायला हात वर केला की मुली हसतात. याचं काही औषध असतं का हो?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता यावे, एवढ्याच हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहे. शस्त्रकर्म आपल्या हातून होणार नाही. ते प्लास्टिक शल्यचिकित्सकाचे कार्य आहे. परंतु शस्त्रकर्माआधीचा सल्ला आणि नंतरची देखभाल यांसाठी रुग्णा आपल्याकडे येते, विशेषतः तालुक्याच्या ठिकाणी.

हेतू आणि आपल्या औषधांची मर्यादा

स्तनांची अतिवृद्धी ही अनेक कारणांनी होते. काहींमध्ये यौवनारंभीच, अवघ्या काही महिन्यांत, स्तन झपाट्याने वाढतात. काहींमध्ये ही वाढ गर्भावस्थेत होते. बहुसंख्य स्त्रियांत मात्र कुलप्रवृत्ती, स्थौल्य व प्रसूतीनंतरचे बदल यांचा एकत्रित परिणाम असतो. क्वचित पेनिसिलामाइनसारखे आधुनिक औषधही कारणीभूत ठरते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूलाचे वर्णन करताना नितंब व उदर यांच्याबरोबर स्तनांच्या हलण्याचाही उल्लेख केला आहे. मेदोधातूच्या वृद्धीशी स्तनभाराचा संबंध आपल्या शास्त्रास परिचित होता, एवढे त्यावरून म्हणता येते. त्यापुढे जाऊन स्तन लहान करण्याचे शस्त्रकर्म संहितांमध्ये वर्णिलेले आहे, असा दावा ओढूनताणून करू नये. सुश्रुताचार्यांची थोरवी त्यावाचून उणी पडत नाही.

स्थौल्य असलेल्या रुग्णेत लंघन, व्यायाम, मेदोहर चिकित्सा यांनी स्तनांचा मेदाचा अंश काही प्रमाणात घटतो. किती घटेल हे त्या स्तनात मेद किती व ग्रंथी किती यावर अवलंबून असते, आणि ते व्यक्तिगणिक वेगळे असते. दहा किलो वजन उतरूनही स्तनभार जवळपास तसाच राहिलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. उलट काहींमध्ये स्तन रिकामे होऊन अधिक लोंबतात. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात वजन घटविणे, व्यायाम, आधार देणारी अंतर्वस्त्रे इत्यादी उपायांनी अशा स्त्रियांना स्थायी उपशम मिळाला नाही व शस्त्रकर्माने वेदनांत लक्षणीय घट झाली, असे दिसून आले. म्हणून हे उपाय करूच नयेत असे नाही. रुंद पट्ट्यांचे, योग्य मापाचे अंतर्वस्त्र व पाठीच्या स्नायूंचे व्यायाम प्रथम अवश्य सांगावेत; पण सहा महिन्यांनी फरक नसेल तर औषधांची बाटली बदलत राहू नये.

लेप व तेले यांविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. श्रीपर्णी तेलाचा पाठ शिथिल स्तनांच्या दार्ढ्यासाठी आहे, भार कमी करण्यासाठी नव्हे. त्वचेवर चोळलेल्या कोणत्याही द्रव्याने आतील ग्रंथी व मेद विरघळून जात नाहीत. रुग्णेचे पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे वर्षे जातात.

स्तनांखालच्या घडीत होणारा दाह, कंडू व क्लेद ही मात्र आपण चांगली हाताळू शकतो. त्रिफळा क्वाथाने धुऊन जागा पूर्ण कोरडी करावी आणि घडीत मऊ सुती वस्त्र ठेवावे. तेथे तेल लावू नये, क्लेद वाढतो. वारंवार उद्भवणाऱ्या दाहात मधुमेह तपासून घ्यावा. करंगळीकडील बोटांत मुंग्या येणे, सतत शिरःशूल, पाठीस येणारा बाक ही लक्षणेही नोंदवून ठेवावीत. या नोंदींचे महत्त्व पुढे येईल.

कोणास पाठवावे, कोणास थांबवावे

मुलींमध्ये वाढ पूर्ण होऊन स्तनांचा आकार साधारण वर्षभर स्थिर असावा. बहुतेक शल्यचिकित्सक वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहतात. अतिशय त्रास असल्यास त्याआधीही शस्त्रकर्म केले जाते, पण पुन्हा वाढ होण्याची शक्यता पालकांना सांगावी लागते. वजन किमान सहा महिने स्थिर असावे. नजीकच्या काळात गर्भधारणेचा विचार असेल तर थांबणे श्रेयस्कर, कारण गर्भावस्थेत आकार पुन्हा बदलतो. स्तन्यपान बंद करून सहा महिने ते एक वर्ष झालेले असावे. चाळिशीनंतरच्या किंवा कुटुंबात स्तनार्बुदाचा इतिहास असलेल्या रुग्णेची मॅमोग्राफी आधी केली जाते. काढलेले मांस सूक्ष्मदर्शकीय तपासणीसाठी पाठविले जाते; त्यात क्वचित अनपेक्षित अर्बुदही आढळते. हे ऐकून रुग्णा घाबरते, तरीही सांगावे.

पुरुषांतील स्तनवृद्धी हा वेगळा विषय आहे. सातव्या शतकातील ग्रीक वैद्य पॉल ऑफ एजिना याने पुरुषांच्या स्तनवृद्धीवरील शस्त्रकर्म वर्णिले आहे, एवढी नोंद येथे पुरे. यौवनातील अशी वाढ बहुधा दोन वर्षांत आपोआप ओसरते, म्हणून मुलांना घाई करू नये.

तंबाखूविषयी मात्र घाई करावी लागते. आपल्याकडील स्त्रिया "व्यसन आहे का?" या प्रश्नास "नाही" म्हणतात आणि दिवसातून तीनदा मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यातील निकोटिनामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. या शस्त्रकर्मात त्वचेचे पदर व स्तनाग्र हे एका मर्यादित रक्तपुरवठ्यावर जगवायचे असतात. तो पुरवठा घटला की व्रण उकलतो, कधी स्तनाग्राचा भाग मृत होतो. शस्त्रकर्मापूर्वी किमान चार आठवडे व नंतर चार आठवडे मशेरी, तपकीर, गुटखा, विडी सर्व बंद हवे. शहरातील शल्यचिकित्सकास मशेरी हा शब्द सुचेलच असे नाही. आपणास सुचतो.

आपली औषधे केव्हा थांबवावीत

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच असे मला वाटते, आणि तो माझ्या चुकीवरून लिहीत आहे. वर उल्लेखिलेल्या शिक्षिकेस मी पुण्यातील एका शल्यचिकित्सकाकडे पत्र देऊन पाठविले. पत्रात निदान लिहिले, इतिहास लिहिला. चालू औषधे लिहिली नाहीत. तिचा योगराज गुग्गुळ चालू होता. शिवाय कोलेस्टेरॉलसाठी ती दुकानातून लसणाच्या कॅप्सूल घेत होती, हे मलाही ठाऊक नव्हते. भूलतज्ज्ञांनी विचारले तेव्हा तिने "औषध काही नाही" असे सांगितले. आयुर्वेदिक औषध हे तिच्या लेखी औषधच नव्हते! शस्त्रकर्माच्या रात्री डावा स्तन ताठ होऊन फुगला, रक्त साचले आणि तिला पुन्हा शस्त्रकर्मगृहात नेऊन ते काढावे लागले. हा उपद्रव कोणतेही औषध न घेणाऱ्या रुग्णेतही होतो. तो गुग्गुळामुळे वा लसणामुळेच झाला असे म्हणता येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी शल्यचिकित्सकांचा दूरध्वनी आला व त्यांनी शांतपणे "ती काय काय घेत होती?" असे विचारले, तेव्हा माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हते.

लसूण व गुग्गुळ यांचा रक्तबिंबिकांच्या परस्परांस चिकटण्यावर परिणाम होतो, असे प्रयोगशाळेत व लहान मानवी अभ्यासांत आढळले आहे. हळदीचा अर्क, आल्याचा अर्क, जिन्सेंग, गिंको, माशाचे तेल व जीवनसत्त्व ई यांविषयीही अशीच सावधगिरी सांगितली जाते. येथे स्वयंपाकातील हळद-लसूण अभिप्रेत नाही; कॅप्सूल व घनसत्त्व अभिप्रेत आहे. अश्वगंधा, जटामांसी, तगर यांची निद्राकर क्रिया भुलीच्या औषधांत मिसळते. सर्पगंधेमुळे भुलीखाली रक्तदाब अस्थिर होऊ शकतो. यष्टिमधु अधिक मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. मेषशृंगी, विजयसार, कारले यांचे कल्प घेणाऱ्या मधुमेही रुग्णेत उपाशीपोटी साखर उतरण्याचा धोका असतो. म्हणून शस्त्रकर्मापूर्वी साधारण दोन आठवडे अशी औषधे थांबविण्याचा प्रघात आहे. मात्र मधुमेह व रक्तदाब यांवरील औषधे परस्पर थांबवून रुग्णेस वाऱ्यावर सोडू नये. शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ यांच्याशी बोलून पर्याय ठरवावा. हृदयविकारासाठी चालू असलेली रक्त पातळ करणारी आधुनिक औषधे तर आपण हातही न लावलेली बरी.

शस्त्रकर्माच्या आधी "शरीर शुद्ध व्हावे" म्हणून वमन-विरेचन करण्याची इच्छा काही रुग्णा व्यक्त करतात. शोधनानंतर बलहानी होते, संसर्जनक्रमास दिवस लागतात. शस्त्रकर्माच्या महिनाभर आधीपासून शोधन टाळावे, असे माझे मत आहे. त्याऐवजी पांडुता असल्यास ती दुरुस्त करून घ्यावी. हिमोग्लोबिन उत्तम असलेल्या रुग्णेस रक्त द्यावे लागण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

प्रत्यक्ष शस्त्रकर्म

रुग्णेस सर्वाधिक उत्सुकता व भीती याच भागाची असते, म्हणून साध्या शब्दांत सांगता यावे. शस्त्रकर्मापूर्वी रुग्णेस उभे करून त्वचेवर शाईने रेखाटन केले जाते, कारण आडवे झाल्यावर स्तनाची ठेवण बदलते. स्तनाग्राची नवी जागा बहुधा स्तनाखालच्या घडीच्या पातळीवर निश्चित केली जाते. पूर्ण भूल दिली जाते व शस्त्रकर्मास दोन ते चार तास लागतात.

मूळ कल्पना अशी की, स्तनाग्र व त्याभोवतीचे स्तनमंडल हे मांसाच्या एका देठावर जिवंत ठेवायचे, भोवतालची जादा ग्रंथी, मेद व त्वचा काढायची, स्तनाग्र वरच्या जागी सरकवायचे आणि उरलेली त्वचा भोवती गुंडाळून शिवायची. फळ देठासह वर उचलावे तसे. हा देठ कोणत्या बाजूचा ठेवायचा यावरून अनेक पद्धती झाल्या आहेत. १९५६ साली रॉबर्ट वाइज या अमेरिकन शल्यचिकित्सकाने अंतर्वस्त्राच्या बेतावरून त्वचा कापण्याचा जो नमुना प्रसिद्ध केला, तो आजही वापरात आहे. शिवणकामातील 'बेतणे' शस्त्रकर्मात आले ते असे. या पद्धतीत स्तनमंडलाभोवती एक वर्तुळ, त्यापासून खाली उभी रेघ आणि घडीत आडवी रेघ असा नांगराच्या आकाराचा व्रण राहतो. मध्यम आकाराच्या स्तनांत आडवी रेघ टाळणारी उभ्या व्रणाची पद्धत वापरतात. अतिप्रचंड स्तनांत देठ फार लांब होऊन रक्तपुरवठा धोक्यात येतो. तेथे स्तनाग्र वेगळे काढून त्वचारोपणाप्रमाणे बसवावे लागते. अशा रुग्णेची तेथील संवेदना व स्तन्यपानाची क्षमता जाते, ही कल्पना आधी दिली गेली पाहिजे.

"माप किती होईल?" असे प्रत्येक जण विचारते. नेमके माप कोणीही देऊ शकत नाही. छातीच्या रुंदीशी सुसंगत आकार आणि वेदनामुक्ती हे ध्येय असते. दोन्ही स्तन तंतोतंत सारखे होत नाहीत, निसर्गातही नसतात.

पहिले सहा आठवडे

रुग्णा बहुधा एक रात्र रुग्णालयात राहते. काही शल्यचिकित्सक ड्रेनची नळी ठेवतात व ती एक-दोन दिवसांत काढतात; काही ठेवीतच नाहीत. वेदना मध्यम असतात, गोळ्यांनी आटोक्यात येतात. अनेक रुग्णांना आश्चर्य वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. भूल उतरून प्रथम उठून बसतानाच खांदे हलके झालेले जाणवतात. त्या शिक्षिकेने, दुसऱ्यांदा शस्त्रकर्मगृहात जाऊन आलेली असतानाही, मला हेच पहिल्यांदा सांगितले.

पहिल्या आठवड्यात सूज, काळे-निळे डाग, ताठरपणा राहतो. स्तन वरच्या बाजूस फुगीर व चौकोनी दिसतात; "हे काय करून ठेवले" असे वाटते. दोन-तीन महिन्यांत ते खाली बसतात, आकार सहा महिन्यांपर्यंत बदलत राहतो. तार नसलेले, पुढून उघडणारे आधारवस्त्र सहा आठवडे रात्रंदिवस घालावे लागते. स्नान केव्हा करावे हे शल्यचिकित्सक सांगतात. उताणे झोपावे.

बैठे काम दोन ते तीन आठवड्यांनी सुरू करता येते. आपल्याकडील स्त्रीचे घरकाम मात्र बैठे नसते. पाण्याचा हंडा, कुकर, ओले धुणे, दोन वर्षांचे मूल यांपैकी काहीही चार ते सहा आठवडे उचलू नये. पीठ मळणे, फरशी पुसणे, दुचाकी चालविणे, गर्दीच्या एस. टी.त दांडीला धरून उभे राहणे हेही टाळावे. "विश्रांती घ्या" एवढे सांगितले तर त्या विश्रांतीत भाकऱ्या बसतात. म्हणून ही यादी मी रुग्णेच्या पतीसमोर किंवा सासूसमोर वाचून दाखविते.

ताज्या, टाके घातलेल्या व्रणावर आपण काहीही लावू नये. जात्यादि तेल, हळद, तूप, लेप यांपैकी काहीही नाही. शुद्ध, शिवलेला, पट्ट्यांनी झाकलेला व्रण आणि उघडा दुष्ट व्रण यांतील भेद सुश्रुताचार्यांनीच आपणास शिकविला आहे. स्राव थांबून खपल्या पूर्ण पडल्यावर, म्हणजे साधारण तीन आठवड्यांनंतर व शल्यचिकित्सकाच्या संमतीने, हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नसते. छातीवर अभ्यंग व स्वेदन सहा आठवडे वर्ज्य. संवेदना कमी झालेली असल्याने गरम पिशवीने भाजण्याचा धोका असतो, हे विशेषत्वाने सांगावे. वेदनाशामकांमुळे मलबद्धता झाल्यास मृदू अनुलोमन पुरे.

आहाराविषयी आपल्याकडे नको इतके निषेध चालतात. डाळ वातूळ, दूध पू करणारे, अंडे उष्ण, असे करीत रुग्णा भात व वरणाच्या पाण्यावर येते. व्रणरोपणास प्रथिने लागतात. मुगाचे वरण, दूध, ताक, चालत असल्यास अंडी व मासे द्यावेत.

उपद्रव आणि ओळखण्याच्या खुणा

पहिल्या दिवसांत एका बाजूचा स्तन एकाएकी ताठ होऊन फुगणे, स्तनमंडल निळे वा काळे पडणे, ताप व वाढती लाली, पोटरीत वेदना व सूज, एकाएकी दम लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास औषध देण्यात वेळ न दवडता रुग्णेस तत्काळ पाठवावे. शेवटची दोन लक्षणे शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात गेल्याची असू शकतात.

याउलट उभी व आडवी रेघ मिळते त्या ठिकाणी व्रण थोडा उकलणे हा सर्वाधिक आढळणारा उपद्रव असला तरी तो सौम्य असतो. ड्रेसिंगने काही आठवड्यांत भरून येतो. रुग्णा घाबरून आपल्याकडे येते, तिला धीर द्यावा आणि शल्यचिकित्सकास कळवावे.

काही महिन्यांनी स्तनात कठीण गाठ लागते व सर्वांची झोप उडते. बहुधा तो मृत मेदाचा गोळा असतो. परंतु 'बहुधा' या शब्दावर विसंबून कांचनार गुग्गुळ सुरू करू नये. सोनोग्राफी व आवश्यक तर सुईची तपासणी झाल्याखेरीज कोणत्याही गाठीस नाव देऊ नये.

स्तनाग्राची संवेदना काहींमध्ये कमी होते, काहींमध्ये काही काळ अतितीव्र होते. बऱ्याच जणींत महिन्यांनी पूर्ववत होते, काहींत कायमची जाते. व्रणाची रेघ लाल व उंच होऊन बारा ते अठरा महिन्यांत फिकट होते. आपल्या सावळ्या त्वचेत ती जाड होण्याची किंवा किलॉइड होण्याची प्रवृत्ती अधिक असते, विशेषतः छातीच्या मध्याकडील टोकास. आधी कान टोचल्यावर किंवा देवीच्या लशीच्या जागी असे झाले होते का, हे विचारून पत्रात लिहावे. सिलिकॉनची पट्टी उपयोगी पडते. सुश्रुताचार्यांच्या व्रणाच्या साठ उपक्रमांत भरलेल्या व्रणाचा वर्ण पूर्ववत करण्याचे उपक्रमही आहेत. त्या कामी रुग्णेस आपला उपयोग होऊ शकतो. मात्र व्रण पूर्ण नाहीसा होईल असे सांगू नये.

स्तन्यपान

अविवाहित मुलीची आई व विवाहितेची सासू हाच प्रश्न विचारतात. उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात नाही. स्तनाग्राखालील ग्रंथीचा स्तंभ छातीपर्यंत अखंड ठेवला गेला असेल तर स्तन्यपानाची शक्यता चांगली राहते. तो पूर्ण छेदला गेला असेल तर फारच कमी होते. पद्धत निवडण्यापूर्वीच मुलीने ही इच्छा शल्यचिकित्सकास सांगितली पाहिजे. अशा मातेस पुढे दूध कमी आले तर शतावरी अवश्य द्यावी, पण बाळाचे वजन दर आठवड्यास पाहावे व वरच्या दुधास अपराध मानू नये.

खर्च, विमा आणि आपला केसपेपर

हे शस्त्रकर्म सौंदर्यासाठी आहे असे समजून विमा कंपन्या दावा नाकारतात. विमा नियामक प्राधिकरणाने प्रमाणित केलेल्या अपवादांत सौंदर्य व प्लास्टिक शस्त्रकर्म वगळलेले आहे. मात्र अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, तसेच आरोग्यास असलेला प्रत्यक्ष व तातडीचा धोका दूर करण्यासाठी वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेले व उपचार करणाऱ्या चिकित्सकाने प्रमाणित केलेले शस्त्रकर्म यास त्यात वाट ठेवलेली आहे. ती वाट अरुंद आहे. मिळेलच असे आश्वासन देऊ नये. तरी पाच वर्षांचे तारीखवार केसपेपर, घडीतील दाहाच्या नोंदी व केलेल्या उपचारांचा तपशील यांमुळे रुग्णेची बाजू बळकट होते. मुंबईतील केईएम व जे. जे. यांसारख्या महाविद्यालयीन रुग्णालयांत प्लास्टिक शल्यविभाग आहेत. खासगी खर्च न पेलणाऱ्या रुग्णेस तेथे पाठवावे, प्रतीक्षायादी असते हेही सांगावे.

औषधालयचालकांसाठी

स्तनांचा आकार कमी वा अधिक करणारी तेले व कॅप्सूल यांचे प्रतिनिधी दुकानी येतात आणि फलकही देऊन जातात. औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत स्त्रीच्या स्तनांचा आकार व रचना ही बाब नावानिशी आहे. त्या संबंधाने औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे, आणि या कायद्यात जाहिरात म्हणजे केवळ वर्तमानपत्रातील मजकूर नव्हे. सूचनापत्र, परिपत्रक, लेबल व वेष्टनही त्यात येतात. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड वा दोन्ही, पुढील अपराधास एक वर्षापर्यंत, अशी तरतूद आहे. प्रतिनिधी गावोगाव फिरतो, फलक मात्र आपल्या भिंतीवर असतो.

दुसरी विनंती विक्रीच्या वेळची. मेदोहर, योगराज, त्रयोदशांग, सिंहनाद यांपैकी कोणताही गुग्गुळ, लसणाच्या वा हळदीच्या कॅप्सूल, अश्वगंधा यांची नियमित खरेदी करणाऱ्या ग्राहकास "लवकरच काही ऑपरेशन आहे का?" एवढे विचारावे. असल्यास बिलाची प्रत शल्यचिकित्सकास दाखवावयास सांगावे. तोंडी नावे कोणाच्या लक्षात राहत नाहीत, बिलावर ती असतात.

त्या शिक्षिकेच्या शस्त्रकर्मापासून माझ्या संदर्भपत्राच्या नमुन्यात तीन ओळी वाढल्या आहेत : आमच्याकडून चालू असलेली औषधे व शेवटच्या मात्रेची तारीख; दुकानातून परस्पर घेतलेली औषधे; मशेरी वा तंबाखू. रुग्णेसमोरच त्या भरून घेते. शिक्षिका आता मानदुखीसाठी येत नाहीत. मागील वर्षी चाळिशीच्या नियमित मॅमोग्राफीसाठी गेल्या, तेव्हा शस्त्रकर्माची माहिती व जुना अहवाल सोबत न्यावयास मी सांगितले होते. मृत मेदाच्या जागी पडणारे चुन्याचे ठिपके क्ष-किरणतज्ज्ञास फसवू शकतात, म्हणून.